हापूस म्हणजे नेमकं काय? अर्थात पहिल्या वर्षाचं तत्त्वज्ञान

जूनचा दुसरा आठवडा. देवगडकडे बहिणीच्या घरी आम्ही सगळे पडवीत बसलो होतो. बाहेर पागोळ्या, आत लाइट गेलेली, आणि मधोमध भाचीच्या मोबाइलवर कॉलेजचा प्रवेश अर्ज. मुलगी कॉमर्सला जाणार हे ठरलेलं. पण अर्जात ‘ओपन इलेक्टिव्ह’ असा एक रकाना होता आणि त्याच्या यादीत खालून दुसरं नाव होतं ‘तत्त्वज्ञानाची ओळख’. तिनं त्यावर बोट ठेवलं मात्र, भाऊजींनी अडकित्ता बाजूला ठेवला. “ह्यां घेवन काय करतलंस? कीर्तन?”

हसलो सगळे. पण प्रश्न रास्त होता, आणि गेली दोन-तीन वर्षं जूनमध्ये तो बऱ्याच घरांतून विचारला जातोय. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीची घडणच बदलली. मुख्य विषयाच्या जोडीला आपल्या शाखेबाहेरचा एखादा छोटा विषय घ्यावा लागतो, तो हा ओपन इलेक्टिव्ह. त्याला बहुधा दोन क्रेडिट असतात. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले साधारण 15 तास, म्हणजे सगळं मिळून 30 तास. आंब्याच्या हंगामात भाऊजींचा एक आठवडा पेट्या भरण्यात याहून जास्त जातो. एवढ्या वेळात कोणी तत्त्वज्ञ होत नाही, हे उघड आहे. मग हाती काय लागतं?

मी स्वतः पहिल्या वर्षाला हा विषय घेतला होता. पुढे सोडला आणि आयुष्यभर बँकेच्या काउंटरमागे बसले. त्या वर्षातल्या बाकी विषयांचं आता नावही नीट आठवत नाही. या विषयानं दिलेली एक सवय मात्र गोचिडीसारखी चिकटून राहिली: दोन माणसं वाद घालत असली की आधी बघायचं, यांचं भांडण नेमकं कशावर आहे? शब्दावर, घडलेल्या गोष्टीवर, की काय चांगलं काय वाईट यावर? तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. पण बांधावरून, पाणंदीवरून, फणसाच्या एका झाडावरून तीन पिढ्या कोर्टात घालवणाऱ्या आपल्या मुलखात ही सवय क्षुल्लक नाही.

नावानंच घोटाळा केलाय

मराठीत ‘तत्त्वज्ञान’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. कोणाचा धंदा बुडाला की शेजारी येऊन सांगतो, “जाऊ दे, पैसा आज आहे उद्या नाही.” मग आपण म्हणतो, हा तत्त्वज्ञान सांगतोय. सकाळी सहाला सूर्योदयाच्या चित्रासकट मोबाइलवर येतं तेही तत्त्वज्ञान. कॉलेजात जे शिकवतात त्याचा या सांत्वनाशी संबंध जवळजवळ नाही.

जुना शब्द जास्त नेमका होता: आन्वीक्षिकी, म्हणजे एखादी गोष्ट पुन्हा तपासून पाहण्याची विद्या. कौटिल्यानं अर्थशास्त्रात चार विद्या सांगितल्या. आन्वीक्षिकी, त्रयी म्हणजे वेद, वार्ता म्हणजे शेती, पशुपालन आणि व्यापार, आणि दंडनीती म्हणजे राज्यकारभार. यातल्या आन्वीक्षिकीला तो बाकी सगळ्या विद्यांचा दिवा म्हणतो. म्हणजे कॉमर्सच्या मुलीनं, वार्तेच्या विद्यार्थिनीनं, हा दिवा हातात घ्यावा यात कौटिल्याला तरी काही वावगं वाटलं नसतं. भाऊजींना वाटलं, ही गोष्ट वेगळी.

मग सुरुवात हापूसपासूनच करू

या विषयाचा पहिला धडा बहुधा सॉक्रेटिसपासून सुरू होतो. अथेन्समधला हा माणूस, मृत्यू इसवी सनपूर्व 399. स्वतः एक ओळ लिहून ठेवली नाही. त्याचे संवाद त्याच्या शिष्यानं, प्लेटोनं लिहिले. त्याची पद्धत साधी: समोरचा जो शब्द छातीठोकपणे वापरतोय त्याचा अर्थ त्यालाच विचारायचा. एका संवादात तो एका सेनापतीला विचारतो, शौर्य म्हणजे काय? सेनापती म्हणतो, आपली जागा न सोडता शत्रूला तोंड देणं. सॉक्रेटिस विचारतो, आणि जे मागे हटत हटत लढतात आणि जिंकतात, ते भित्रे? सेनापती अडकतो.

आता हेच घरच्या फळावर करून बघा. अस्सल हापूस म्हणजे काय? पहिलं उत्तर येतं: पातळ साल, केशरी गर, तो वास. ठीक. पण हापूसच्याच कलमाचा आंबा कर्नाटकात होतो. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास आफ्रिकेतल्या मलावीहून वाशीच्या बाजारात येतो. तो दिसायला, चवीला बराच जवळ असला तर हापूस म्हणायचा? नको? मग व्याख्येत जागा घाला: कोकणात पिकलेला. 2018 साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनानं तेच केलं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या आंब्यालाच ‘हापूस’ म्हणून विकता येतं. पण मग आपल्याच बागेतला, अवकाळीत भिजलेला, आत साका झालेला आंबा? जागा बरोबर, कलम बरोबर, चव शून्य. तो अस्सल की नाही?

आपल्याकडच्या न्यायदर्शनानं, म्हणजे तर्क आणि ज्ञान यांची तपासणी करणाऱ्या जुन्या विचारपंथानं, व्याख्येच्या अशा चुकांना नावंच देऊन ठेवली आहेत. ‘गाय म्हणजे तांबूस रंगाची’ म्हटलं तर काळ्या-पांढऱ्या गाई बाहेर राहतात, ही अव्याप्ती. ‘गाय म्हणजे शिंगं असलेली’ म्हटलं तर म्हैस आत शिरते, ही अतिव्याप्ती. आणि ‘गाय म्हणजे एका अखंड खुराची’ म्हटलं तर एकही गाय त्यात बसत नाही, तो असंभव. ही तीन नावं एकदा डोक्यात बसली की ती सगळीकडे दिसायला लागतात. सरकारी योजनेच्या ‘शेतकरी’ या शब्दात कोण आत, कोण बाहेर? सातबाऱ्यावर नाव असलेला मुंबईकर आत आणि दुसऱ्याच्या बागेची राखण करणारा बाहेर, ही अव्याप्ती की अतिव्याप्ती? दोन्ही, एकाच ओळीत.

गंमत अशी की हापूसचा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही, आणि सुटला नाही म्हणून बिघडतही नाही. कळतं ते हे, की ग्राहकाला ‘हापूस’ म्हणजे चव हवी असते, बागायतदाराला जागा, आणि कलमं बांधणाऱ्याला वंश. तिघं एकच शब्द वापरतात आणि एकमेकांना खोटं पाडत बसतात. भांडण आंब्यावर नसतंच.

चमकलं ते चांदी का?

दुसरा मोठा भाग ज्ञानाचा: एखादी गोष्ट मला ‘माहीत आहे’ असं मी कधी म्हणू शकते? भारतीय दर्शनांत ज्ञानाच्या खात्रीच्या साधनाला प्रमाण म्हणतात. न्यायदर्शन चार प्रमाणं मानतं: प्रत्यक्ष म्हणजे डोळ्यांनी, कानांनी कळलेलं, अनुमान म्हणजे खुणेवरून काढलेला निष्कर्ष, उपमान म्हणजे साम्यावरून ओळखणं, आणि शब्द म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं.

प्रत्यक्षावर शंका कशी घ्यायची याचं जुनं उदाहरण तर किनाऱ्यावरच्या माणसासाठीच केल्यासारखं आहे. वाळूत शिंपला चमकतो आणि माणसाला वाटतं चांदी पडली आहे. याला शुक्तिरजत म्हणतात. वेगवेगळ्या दर्शनांनी यावर किती काथ्याकूट केला असेल! चुकीच्या क्षणी माणसाला नेमकं काय दिसत होतं? चांदी तिथे नव्हती, मग दिसली कुठून? आठवणीतून? की दिसणं आणि आठवणं यातला फरकच कळला नाही? सकाळी मिठमुंबरीच्या वाळूवरून चालताना मला अजून हे आठवतं आणि उगाच खाली वाकायला होतं.

पण विद्यार्थ्याला जास्त उपयोगी पडतो तो चौथा, शब्दप्रमाणाचा धडा. आपल्याला जे माहीत असतं त्यातलं बहुतेक आपण पाहिलेलं नसतं, कोणीतरी सांगितलेलं असतं. मग भरवशाचा माणूस, म्हणजे आप्त, कोणाला म्हणायचं? न्यायसूत्रांवरचा भाष्यकार वात्स्यायन सांगतो, ज्याला त्या गोष्टीचं थेट ज्ञान आहे आणि ते जसंच्या तसं सांगायची ज्याची इच्छा आहे तो आप्त. पुढे तो म्हणतो, ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, सगळ्यांना सारखीच. म्हणजे सांगणाऱ्याची जात, पदवी, वय बघायचं नाही. त्याला माहीत आहे का आणि तो खरं सांगतोय का, एवढंच.

आता ही कसोटी मोबाइलवर लावून बघा. जून 2020मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. तेव्हापासून समुद्रात कमी दाबाचा पट्टा झाला की ‘उद्या महाभयंकर वादळ, सगळ्यांना पाठवा’ असा मजकूर फिरायला लागतो. पाठवणारा काका प्रेमळ आहे, त्याची इच्छा चांगली आहे. पण त्याला थेट ज्ञान आहे का? वात्स्यायनाच्या कसोटीत तो अर्ध्यावरच नापास होतो. बंदरावर वाऱ्याचा वास घेऊन “आज होडी नको” म्हणणारा म्हातारा खलाशी मात्र त्याच्या समुद्रापुरता आप्त ठरू शकतो, आणि हवामान खातं त्याच्या अंदाजापुरतं.

धूर, सडा आणि कोंबडी

अनुमानाचं न्यायदर्शनातलं घासून घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण आहे: डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो, जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत. यात सगळा भार ‘जिथे धूर तिथे आग’ या नियमावर आहे. आणि दुसरा भार, तो खरंच धूर आहे का यावर. पावसाळ्यात आमच्या समोरच्या डोंगरावर रोज सकाळी धूर दिसतो; ते धुकं असतं.

उलटा हिशोब लावायची चूक तर सगळेच करतात. पाऊस पडला तर अंगण भिजतं. अंगण भिजलंय. म्हणजे पाऊस पडला? सडा घातला असेल की. कागदावर ही चूक पोरसुद्धा पकडतं. पण ‘ज्यांना भानामती होते ते खंगतात, हा खंगलाय, म्हणजे...’ असं वाक्य आलं की मोठी माणसं माना डोलवतात. घडण तीच आहे. हे दिसायला लागणं म्हणजे तर्कशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम. उरलेला अर्धा मराठी म्हणीत आहेच: कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

मग ‘जिथे धूर तिथे आग’ हे तरी कशावरून? प्रत्यक्षापलीकडे फारसं काही न मानणारे चार्वाक इथेच पाय रोवतात. ते म्हणतात, तुम्ही जगातल्या सगळ्या धुरांजवळ जाऊन आलात का? आजवरचं पाहून उद्याबद्दल खात्री कशी देता? पुढे कित्येक शतकांनी स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमनं 1739च्या ग्रंथात जवळजवळ हाच प्रश्न विचारला. आणि 1912 साली बर्ट्रांड रसेलनं त्याला एक कोंबडी जोडून दिली. मालक रोज दाणे टाकतो, कोंबडीला वाटतं मालक आला की दाणे येणार. एक दिवस तोच मालक तिची मान पिरगळतो. गटारीच्या आदल्या दिवशी हे उदाहरण कोकणातल्या वर्गात दिलं तर समजावून सांगायची गरज पडत नाही.

आपल्याकडे मृग 7-8 जूनला लागतो आणि पाऊस त्याच सुमारास, हे आजोबा-पणजोबांपासूनचं गणित. 2025 साली मोसमी पाऊस 25 मे रोजीच तळकोकणात उतरला. ज्यांचा शेवटचा आंबा झाडावर होता त्यांना ह्यूम त्या दिवशी कळला.

यावर तत्त्वज्ञानाकडे तोडगा आहे का? पक्का नाही. अनुमान सोडून जगता येत नाही आणि त्याची शंभर टक्के हमीही देता येत नाही, एवढं कळतं. मग माणूस ‘नक्की’ हा शब्द जपून वापरायला लागतो आणि शेतमालाचा विमा जरा लक्ष देऊन वाचतो.

“पण हे सगळे रिकामटेकडे प्रश्न!”

हा आक्षेप भाऊजींनी घेतलाच. निमित्त झालं होडीचं. ग्रीक गोष्ट अशी की थीसियस या वीराचं जहाज अथेन्सवाल्यांनी जपून ठेवलं. फळी कुजली की नवी बसवायचे. हळूहळू सगळ्याच फळ्या बदलल्या. मग ते तेच जहाज का? तिकडच्या विचारवंतांत यावरून दोन तट पडले, असं प्लुटार्क सांगतो. आपल्याकडे बौद्ध परंपरेत भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाबद्दल असंच विचारतो: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? सगळं वेगळं केलं तर रथ कुठे गेला?

“होडी चलता ना? मगे झाला!” भाऊजी म्हणाले.

मी विचारलं, “आणि देवळाचं काय?” ते गप्प झाले. कारण त्यांच्या वाडीच्या देवळाचा जीर्णोद्धार गेली चार वर्षं अडलेला आहे. जुनं देऊळ चिऱ्याचं, कोरीव लाकडी खांबांचं, कौलारू. मुंबई मंडळाचं म्हणणं, पाडून स्लॅबचं बांधू, वर शिखर करू, देव तोच राहणार. गावातल्या काहींचं म्हणणं, खांब गेले की देऊळ गेलं. दोन्ही बाजू ‘आपलं जुनं देऊळ वाचवा’ हेच वाक्य बोलतात! एकाला देऊळ म्हणजे मूर्ती आणि जागा, दुसऱ्याला देऊळ म्हणजे आजोबांनी हात टेकलेला खांब. हा थीसियसच्या जहाजाचाच प्रश्न. फरक इतकाच की इथे वर्गणीची पावती फाटलेली आहे. तत्त्वज्ञानाचा वर्ग हे भांडण मिटवणार नाही. पण दोन्ही बाजूंनी आपापल्या ‘देऊळ’ शब्दाचा अर्थ एका बैठकीत सांगितला असता तर निदान चार वर्षं कोणी कोणाला धर्मबुडवा म्हटलं नसतं.

विकास हवा की नको, असा प्रश्नच नसतो

अभ्यासक्रमाचा तिसरा भाग नीतिशास्त्राचा, आणि माझ्या मते कोकणातल्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त कामाचा. रिफायनरीचा वाद आठवा. आधी नाणार, ते 2019मध्ये रद्द झालं, मग 2023च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती परीक्षणावरून झालेलं आंदोलन. टीव्हीवर दोन गट: विकासवाले आणि विकासविरोधी. भावाभावांनी बोलणं टाकलं.

हा गुंता सोडवायला घेतला की त्यात तीन वेगळ्या जातीचे धागे निघतात. पाणी किती लागेल, हवेत काय जाईल, स्थानिकांना नोकऱ्या किती आणि कसल्या, हे माहितीचे प्रश्न. ते घोषणांनी सुटत नाहीत, मोजून सुटतात. ‘विकास’ म्हणजे काय हा शब्दाचा प्रश्न, हापूससारखाच. आणि तिसरा धागा मूल्यांचा. समजा सगळे आकडे हाती आले आणि दोन्ही बाजूंना मान्यही झाले, तरी उरतं: नोकऱ्यांच्या बदल्यात बागा गेल्या तर ते योग्य का? बारसूच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, कोकणातल्या कातळशिल्पांच्या ज्या जागा 2022मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या त्यांत बारसूही आहे. कोणी कोरली, का कोरली, कळायला मार्ग नाही. अशा गोष्टीची किंमत कशात मोजायची? ‘असं आहे’ यावरून ‘असं असावं’ हे आपोआप निघत नाही, हेही ह्यूमनंच दाखवलं. आकड्यांच्या ढिगाखाली मूल्याचा प्रश्न पुरला जातो तेव्हा हे वाक्य फावड्यासारखं वापरता येतं.

मूल्यांच्या प्रश्नावर मतं नुसती फेकायची नसतात, त्यांनाही शिस्त असते. बेंथम आणि मिल हे इंग्रज विचारवंत म्हणतील, जास्तीत जास्त माणसांचं जास्तीत जास्त सुख कशात आहे ते बघा. जर्मन तत्त्वज्ञ कांट 1785मध्ये म्हणाला, माणसाला कधीही नुसतं साधन म्हणून वापरू नका. हजारांच्या सोयीसाठी एका घराला त्याच्या मनाविरुद्ध उठवताना हे वाक्य आडवं येतं. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सनं 1971मध्ये सुचवलेली युक्ती मला फार आवडते. नियम ठरवताना असं समजा की त्या व्यवस्थेत आपण कोण असू हे आपल्याला माहीतच नाही. रापणीचा विचार करा: किनाऱ्यावरून दोर ओढायला सगळे, मग माशांचे वाटे पडतात. जाळं माझं असेल, की मी नुसता दोर ओढणारा असेन, हे ठाऊक नसताना वाटे ठरवायला बसलो, तर ते कसे ठरतील? पर्ससीन, एलईडीची मासेमारी आणि पारंपरिक मच्छीमार यांच्या वादात हीच बैठक मनातल्या मनात भरवून बघा. उत्तर सोपं होत नाही, पण आपल्या होडीच्या बाजूनं झुकलेला तराजू आपल्यालाच दिसतो.

आणि हे काही परक्यांचं खूळ नाही. रत्नागिरीत 1856 साली जन्मलेल्या टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं, 1915 साली ते छापलं गेलं. त्यात गीतेबरोबरच या सुखवादी पाश्चात्त्य मंडळींची सविस्तर झाडाझडती आहे. आधी त्यांचं म्हणणं नीट मांडून मग खोडून काढलेलं. आंबडवे हे मंडणगड तालुक्यातलं ज्यांचं मूळ गाव, ते बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञ जॉन ड्यूईकडे शिकले आणि त्याचं ऋण पुढे बोलूनही दाखवलं. एकानं गीता हातात घेऊन, दुसऱ्यानं जातिव्यवस्थेवर घाव घालण्यासाठी, पण हत्यार दोघांनी याच भात्यातून घेतलं.

पोरं उद्धट होतात, देवाला मानत नाहीत

पहिल्या तक्रारीत तथ्य आहे, हे मी अनुभवानं सांगते. पहिल्या सहामाहीत तर्कदोषांची नावं पाठ करून मी गणपतीला घरी आले आणि आरतीच्या वेळेपासून निर्माल्यापर्यंत प्रत्येक गोष्टीत वडिलांच्या बोलण्यातले दोष काढत सुटले. तिसऱ्या दिवशी ते शांतपणे म्हणाले, “तुझं सगळं बरोबर आहे. आता तुझं स्वतःचं म्हणणं काय ते सांग.” माझ्याकडे म्हणणंच नव्हतं.

वडिलांनी नकळत न्यायसूत्रांतलाच फरक सांगितला होता. तिथे चर्चेचे तीन प्रकार आहेत. खरं काय ते शोधण्यासाठी बोलणं म्हणजे वाद. हो, आपण ज्याला वाईट अर्थानं वापरतो तो शब्द मुळात चांगला आहे. वाटेल ते करून जिंकण्यासाठी बोलणं तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडतोड करणं ती वितंडा. जल्पातल्या लबाड्यांचीही नोंद आहे: संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवं आणि नऊही. कोणी म्हणालं, ‘याच्याकडे नव कांबळं आहे’, तर उलट विचारायचं, ‘नऊ कुठायत? एकच तर दिसतंय!’ टीव्हीवरच्या संध्याकाळच्या चर्चा बघताना मला हे कांबळं रोज आठवतं.

उद्धटपणावर याच विषयात औषधही आहे, पूर्वपक्ष. खंडन करण्याआधी समोरच्याचं म्हणणं इतकं नीट मांडायचं की त्यानंच मान डोलवावी. चांगले शिक्षक हे करून घेतात: तुझा ज्या मताला कडवा विरोध आहे त्याच्या बाजूनं दोन पानं लिही. अठराव्या वर्षी याहून कठीण गृहपाठ मी केलेला नाही.

देवाचं म्हणाल, तर वर्गात देव असल्याचे आणि नसल्याचे, दोन्हीकडचे युक्तिवाद वाचावे लागतात. मीमांसा आणि जुनं सांख्य ही आपलीच दर्शनं ईश्वराशिवाय भागवतात हे ऐकून मुलं चकित होतात. न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांनी ईश्वराच्या बाजूनं रचलेले युक्तिवाद वाचूनही होतात. माझ्या वर्गातली एक मैत्रीण आली तशी श्रद्धाळू गेली. तिची श्रद्धा कशावर उभी आहे हे तिला आता सांगता यायचं, एवढाच फरक. गावी देवाला गाऱ्हाणं घालायला ती अजून जाते.

नोकरीचं काय?

दोन क्रेडिटच्या विषयावर नोकरी लागत नाही. लागते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हो, यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत 2013पासून नीतिशास्त्राचा 250 गुणांचा स्वतंत्र पेपर आहे, आणि तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय म्हणूनही घेता येतो. वकिलीच्या प्रवेश परीक्षेत तर्काचे प्रश्न असतात. तिथे याचा थेट हातभार लागतो.

तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी परदेशातल्या प्रवेश परीक्षांत चांगले गुण मिळवतात, असंही सांगितलं जातं. खरं असेल. पण आता तुम्ही सडा आणि पाऊस वाचून आला आहात, तेव्हा विचारा: आंबा गोड आला तो खतामुळे, की जमीनच तशी होती? मुळात डोकं चालवायची आवड असलेली मुलंच या विषयाकडे वळत असतील तर श्रेय किती विषयाचं?

मी माझ्यापुरतं सांगू शकते. बँकेत कर्जाच्या अर्जावर ‘व्यवसाय उत्तम चालतो’ असं लिहून आणणाऱ्याला मी विचारायचे, उत्तम म्हणजे? त्या एका प्रश्नानं काही जणांचा राग ओढवला आणि काही कर्जं बुडता बुडता वाचली.

एक सावधगिरीची सूचना

विषय चांगला असून भागत नाही, शिकवणारं माणूस लागतं. प्लेटोचा जन्म, प्लेटोचे गुरू, प्लेटोचे ग्रंथ, पाच गुणांची टीप लिहा, अशा पद्धतीनं हा विषय शिकवणारी ठिकाणं मी पाहिली आहेत. तिथे तो नोट्स उतरवण्याचा विषय होतो आणि मग त्यापेक्षा मत्स्यपालनाचं इलेक्टिव्ह घेतलेलं बरं, हे मी मनापासून सांगते. अर्ज भरण्याआधी वरच्या वर्गातल्या मुलांना एकच विचारावं: तासाला प्रश्न कोण विचारतं? सर एकटेच बोलत असतील तर पुढच्या विषयाकडे वळावं.

भाचीनं त्याच संध्याकाळी कॉलेजातल्या एका मुलीला मेसेज करून हे विचारलं. रेंज यायला तिला विहिरीपाशी छत्री घेऊन उभं राहावं लागलं. उत्तर आलं, ‘मॅडम खूप पिडतात. कोणालाच गप्प बसू देत नाहीत.’ तिनं तिथेच रकान्यात खूण केली.

ती पडवीत परत आली तेव्हा भाऊजी अजून हापूसवरच होते. बराच वेळ विचार करून त्यांनी व्याख्या तयार केली होती. “हापूस म्हणजे आमच्या बागेतलो. संपला.”

“आणि शेजारच्या काकांच्या बागेतला, बाबा?”

भाऊजींनी अडकित्ता उचलला, सुपारी कातरली, आणि कुंपणापलीकडे एकदा बघून घेतलं. “तो पण हापूसच,” ते म्हणाले, “पण ह्यां त्याका सांगू नको.”